घुबडाच्या डोळ्यांतलं पाणी

सरका, असे जवळ सरका. तिकडं भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. मी काही बुवा नाही. गळ्यात सूर नाही आणि पाठीशी पेटी नाही. पण जन्मभर कीर्तनात पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेय, त्यामुळं गोष्ट कुठं धरावी आणि कुठं सोडावी एवढं अंगवळणी पडलंय. आज सांगते ती कुठल्या राजाची नाही आणि संताचीही नाही. घुबडाची आहे. नाकं मुरडू नका, ऐका तर खरं.

भर दुपार होती. आमच्या माळशिंगीत भैरोबाच्या देवळापुढं सप्ताहाचा मांडव पडला होता आणि दुसऱ्या दिवशी काला होता. मांडवात मी एकटी, गळ्यात वीणा. सप्ताह बसला की काल्यापर्यंत वीणा भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून उतरली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात, तार गप पडू द्यायची नाही आणि नाम तुटू द्यायचं नाही. दुपारचा पहारा आम्हा बायकांचा, कारण बाप्ये जेवून जिकडं सावली तिकडं आडवे झालेले. मी तार छेडत या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालत होते. एरवी त्या पहाऱ्यात मन असं निवतं की पायांना रग लागलेली कळत नाही. त्या दिवशी मात्र नाम ओठांवर आणि जीव भलतीकडं. सारखी मान वळायची ती नगारखान्याकडं.

तेवढ्यात पायरीशी चपला सोडून डॉक्टर आल्या. डॉक्टर चारुलता भोपळे, आमच्या गुरांच्या दवाखान्यावर नेमलेल्या. माझ्याच घराच्या मागल्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड. खांद्यावर टॉवेल आणि हातात पत्र्याची चपटी डबी.

"मावशी, शिडी कुठं ठेवतात इथं?"

माझ्या तोंडात नाम. मी हनुवटीनंच देवळामागं दाखवलं.

"वरचं पाखरू काढते," त्या म्हणाल्या. "जोडीतलं दुसरं. ते हातात आल्याशिवाय मला पहिल्याचं काहीच सांगता येणार नाही."

तर आधी हे पहिलं कोण ते सांगते.

देवळाच्या वेशीवर जुना नगारखाना आहे. नगारा कधीच फुटून गेला, आणि त्याच्या जागी गव्हाणी घुबडांचं जोडपं राहायला आलं होतं. पांढरं, बदामासारखं तोंड असतं ना, तीच. त्यांची पिल्लं वर खोबणीत होती. दिवेलागणीला फिस्स फिस्स करायची, की नवख्याला वाटावं नाग आहे वर. सप्ताह बसला त्या संध्याकाळी मंडपवाल्यानं नगारखान्यावरून दिव्यांच्या माळा सोडल्या. शेतातून उंदीर घेऊन येणारं घुबड त्यात पंखानं गुरफटलं आणि डोकं फरशीवर आपटून खाली पडलं. लोक मागं सरले. एकानं तर काठीही आणली. मी अंगावरची शाल त्याच्यावर टाकली आणि पोटाशी धरून डॉक्टरांकडं पळत गेले.

पंख लवकर बरा झाला. मागल्या खोलीत ते या तुळईवरून त्या तुळईवर उडायचं, आणि उडताना पिसाचासुद्धा आवाज नाही. खायचं व्यवस्थित. पण डोळे अर्धे मिटलेले. एका पापणीला सूज.

डॉक्टरांना डोळ्यांचा भारी नाद. माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं असते तशी टीपकागदाची पट्टी त्यांच्या त्या डबीत असायची. तिचं टोक खालच्या पापणीच्या आत अडकवायचं, मिनिटभर थांबायचं, आणि डोळ्यातलं पाणी कागदावर किती चढलं ते रेघांवरून बघायचं. पाखराचा डोळा तो केवढासा, म्हणून त्या पट्टी उभी कापून बारीक करायच्या. कुणाचा जखमी पोपट येवो, मांजानं कापलेली घार येवो, विहिरीतलं कासव येवो, बाई आधी त्याच्या डोळ्यातलं पाणी बघणार. घोरपडीचंही बघितलं होतं. सापाचं तेवढं जमत नाही म्हणायच्या, त्याच्या डोळ्यावर काचेसारखं झाकण असतं आणि पाणी त्याच्या आत. गावात चेष्टा चालायची, की आपली डॉक्टरीण जित्राबं रडवून बघते.

पण या घुबडाच्या डोळ्यात पट्टी घातली तर टोक जेमतेम ओलं झालं. दोन्ही डोळ्यांत तेच. घारीची पट्टी निम्म्याच्या वर भिजते. बाईंचा चेहरा उतरला. डोळ्यात पाणी नसलं तर बुबुळ वाळतं, मग त्यावर फूल पडतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आंधळं घुबड सोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. मग उरतो शहरातल्या प्राणिसंग्रहालयाचा पिंजरा, मरेपर्यंत. वनखात्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. डॉक्टरांनी सांगायचं, न्यायचं की सोडायचं.

आणि इथंच घोडं अडलं होतं. डोक्याला मार लागून पाणी आटलं, की घुबडाच्या डोळ्यात मुळातच पाणी कमी असतं? बाईंच्या पुस्तकात पोपट होते, ससाणे होते, घुबड नव्हतं. हातातल्या फोनवर जग उघडायचे ते दिवस नव्हेत. शहरातल्या त्यांच्या सरांना तार केली, ते परगावी गेलेले. धडधाकट घुबडाचं पाणी बघितल्याशिवाय आजाऱ्याचं कसं कळणार? एकट्या गाणाऱ्यानं सूर चढा लावला की उतरता, हे जसं शेजारी पेटी वाजल्याशिवाय कळत नाही, तसंच ते.

इकडं नगारखान्यात एकटं पाखरू रात्रभर उंदीर आणत होतं आणि पिल्लांना पुरत नव्हतं. त्या दिवशी सकाळी मी मांडव झाडायला गेले तर एक पिल्लू खाली पडलेलं, मुंग्या लागलेलं. वरची फिसफिस क्षीण झाली होती. म्हणून म्हटलं, जीव भलतीकडं होता. ते पाखरू पिंजऱ्यात गेलं असतं, तर वरचीही एकेक करून खाली आली असती.

डॉक्टरांनी शिडी स्वतःच ओढत आणली, साडी खोचली आणि चढल्या. वर थोडी झटापट ऐकू आली. मग टॉवेलात गुंडाळलेलं पाखरू छातीशी धरून एका हातानं उतरल्या. त्याच्या डोक्यावरूनही टॉवेलची कड ओढली होती, अंधार झाला की पाखरू शांत राहतं म्हणून.

"मावशी, धरा. लवकर करू, पिल्लं वर उघडी आहेत."

आजवर धरायला मीच असायचे. पाय बोटांत पकडायचे, पंख टॉवेलात, अंगठा मानेमागं, हे सगळं मला त्यांनी शिकवलेलं. पण आता गळ्यात वीणा.

नाम तोडून मी म्हटलं, "हौसाकाकू येईल, तिचा पहारा लागलाच आहे."

हौसाकाकूचा पत्ता नव्हता. मागून कळलं, बाई जेवल्या आणि पाटावरच डोळा लागला. मांडवात दुसरं माणूस एकच. खांबाला टेकून येसूनाना बसला होता, येसाजी गुरव. भैरोबाचा पुजारी. वयानं माझ्याहून मोठा, उंच, हाडकुळा. सप्ताहात त्याची सेवा बुक्क्याची. येईल त्याच्या कपाळाला बुक्का लावायचा, मग तो पाटील असो की रस्त्यानं जाणारा वाटसरू. त्याच्या उजव्या हाताची बोटं वर्षभर काळी असायची.

मी वीणा त्याच्याकडं द्यायची आणि पाखरू धरायचं, हे साधं होतं. पण आमच्या गावची रीत अशी, की माळकऱ्यानंच वीणा गळ्यात घालायची. नानाला माळ नव्हती. मटण सुटत नाही तोवर माळ घालून देवाला फसवू कशाला, असं तो चारचौघांत म्हणायचा.

आणि घुबडाचं म्हणाल, तर ते जोडपं नगारखान्यात आलं त्याच वर्षी नानाची बायको गेली. तेव्हापासून तो त्या वेशीखालून जाताना वर बघायचा नाही. घुबडाला दगडही मारायचा नाही. दगड मारला की घुबड तो उचलून पाण्यात नेऊन टाकतं, आणि पाण्यात दगड झिजतो तसा मारणारा झिजतो, हे त्यानं आजीकडून ऐकलेलं. त्यामुळं भीती इतकी की रागही काढता येत नव्हता.

डॉक्टरांनी त्याला हाक मारली. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी परत मारली. तो म्हणाला, बाई, ते देवळाच्या आवारात उतरवलंत तेच वाईट केलंत, आता मला आणखी सांगू नका.

मी येरझारेत त्याच्यापुढं आले आणि थांबले. "नाना, वीणा नाहीतर पाखरू, दोन्हींतलं एक तुम्हाला धरायला हवं. वीणा तुम्हाला चालत नाही."

"म्हणून मी ते अवदसेचं पाखरू धरू?"

"त्याची पोरं वर उपाशी आहेत. एक सकाळी मी पुरलं."

वीणेच्या तारेवर माझं बोट थांबलं होतं, ते ध्यानात येऊन मी परत छेडली. थोड्या वेळानं तो खांबाला धरून उठला.

"दाखवा, कसं धरायचं."

डॉक्टरांनी त्याला पायरीवर बसवून पाखरू त्याच्या हातांत दिलं. मी चालत होते, त्यामुळं पाहिलं ते तुकड्या-तुकड्यानं. एका फेरीत नाना असा ताठ बसलेला, जणू मांडीत निखारा. पुढच्या फेरीत त्याचा खांदा जरा खाली आलेला. "हे तर काहीच नाही वजनाला," तो म्हणत होता. "आणि काळीज किती उडतंय याचं, बाई. माझ्या तळहाताला लागतंय." डॉक्टर उजेडाकडं तोंड करून डबीतली पट्टी कात्रीनं बारीक करत होत्या. नाना पाखरावर वाकून काहीतरी पुटपुटत होता. तिथं माझी पाठ झाली.

मी फिरले तेव्हा पट्टी उजव्या डोळ्यात होती आणि बाई घड्याळाकडं बघत होत्या. मिनिट पुरं झालं. त्यांनी पट्टी काढली आणि तेवढ्यात पाखरानं एक पाय सोडवला. त्याची नखं नानाच्या तळहातात रुतली. हूं नाही की चूं नाही. रक्त मनगटावरून पायरीवर ठिबकलं, पण हात ढिला पडला नाही. डॉक्टर घाईघाईनं नखं सोडवायला लागल्या. दुसरा डोळा राहू दे, म्हणाल्या, बिचारं फार घाबरलंय, आणि पाखरू घेऊन शिडी चढल्या.

त्या खाली आल्या. नानाच्या हाताला औषध लावलं, पट्टी बांधली. मग माझ्या जवळून चालत, माझ्या पावलाला पाऊल लावत, हळू सांगितलं.

"याची पट्टी निम्म्याच्या पुढं भिजली, मावशी."

"म्हणजे?"

"म्हणजे घुबडाला पाणी असतं. आपल्याचंच आटलंय."

मी नाम घेत राहिले, पण ते नाम कसलं, नुसते ओठ हलत होते. हौसाकाकू डोळे चोळत आली, मी वीणा तिच्या गळ्यात दिली आणि घरी गेले. मागल्या खोलीत ते तुळईवर बसलं होतं. माझ्याकडं मान वळवून चोच टकटक वाजवली. गाडीत न्यायला खोकं पाहिजे म्हणून मी एक खोकं काढलं, त्याला भोकं पाडायला बसले, आणि हातून ती भोकंच पडेनात. उठावं, ओट्याशी जावं, पाणी प्यावं, परत बसावं. डॉक्टर बाहेर अंगणात चुलीच्या बाजूला उभ्या, आत यायला तयार नाहीत. मी विचारलं, आणखी एकदा नाही का बघता येणार. म्हणाल्या, मावशी, बघून तर झालं. मनासारखं येत नाही म्हणून किती वेळा बघायचं?

ऊन उतरलं तशी हरिपाठाची वेळ झाली. मी त्यांना म्हटलं, चला, घरात बसून दोघींना वेड लागेल. त्या देवाधर्माच्या फारशा नव्हत्या, पण आल्या. टाळ घेऊन माणसं उभी राहत होती. पोरीबाळी, म्हातारे, सगळा गाव. आणि माझ्या कानात नुसती वरची फिसफिस.

रीतीप्रमाणं नाना रांगेतून बुक्का लावत आला. उजव्या हाताला पट्टी, तरी त्याच हाताच्या बोटानं लावत होता. मला लावला. डॉक्टरांपुढं आला, त्यांच्या कपाळाला बोट टेकवलं, आणि जरा लाजत, जरा खुशीत म्हणाला, "तुमच्या त्या पाहुण्यालाही लावलाय बरं का मी, दुपारी."

"कुणाला?"

"त्या पाखराला हो. आयुष्यात पहिल्यांदा मांडवात उतरलं. म्हटलं, मी एवढी वर्षं याच्या नावानं बोटं मोडली, आणि हे तर माझ्यापेक्षा जास्त भ्यालेलं. रिकाम्या कपाळानं कसं धाडायचं? तुम्ही कात्री चालवत होता, तेव्हा टॉवेलची कड उचलून लावला. चांगला चिमूटभर."

डॉक्टर त्याच्याकडं बघतच राहिल्या. त्यांचा स्वतःचा हात कपाळाकडं गेला, बोटाला लागलेला बुक्का त्यांनी डोळ्यांसमोर धरला, फुंकला. काळी धूळ उडाली.

"मी ती काजळी समजले," त्या म्हणाल्या. "नगारखान्यातली काजळी. पट्टीवरही काळे कण होते."

माझ्या अजून डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हटलं, काय झालं?

"डोळ्यात कचरा गेल्यावर पाणी येणारच ना, मावशी. कुणाच्याही येईल. मी पाखराचं पाणी नाही, बुक्क्याचं पाणी मोजलं."

नाना मधे उभा. एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं. मागचे लोक कपाळं पुढं करून खोळंबले होते.

"माझ्या हातानं काही वाईट झालं का?"

डॉक्टर खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुम्ही आत्ता हे बोलला नसता तर उद्या आपलं पाखरू जन्माचं पिंजऱ्यात गेलं असतं," त्या म्हणाल्या. "पण चूक माझी आहे, नाना. डोळा तपासण्याआधी मी तो साफ करायला हवा होता. चला, अजून उजेड आहे. ते शिकारीला निघायच्या आत."

हरिपाठ सुरू झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी उभ्या हरिपाठातून बाहेर पडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नाना आमच्या पुढं धावत गेला, पण शिडीकडं नाही, हौदाकडं. पट्टी सोडून तो हात घासत होता. राखेनं घासला, साबणानं घासला, शेवटी दगडावर घासला. इतक्या वर्षांचा काळा रंग कातडीतच मुरलेला, तो काही निघेना. मग तो ओल्या हातांनी आला आणि म्हणाला, मी नाही धरत, मी शिडी धरतो.

डॉक्टर वर गेल्या. मांडवातून टाळांचा ठेका येत होता आणि मी खाली उभी राहून मनात एकच म्हणत होते, अजून आत असू दे. होतं. त्यांनी ते उतरवून माझ्या हातांत दिलं. उजवा डोळा लाल झालेला, अजून पाझरत होता, आणि कपाळावर काळा डाग. त्यांनी मिठाच्या पाण्यानं तो डोळा हळूहळू धुतला. मग टॉवेल वळवला आणि डाव्या डोळ्याच्या पापणीत पट्टी अडकवली.

ते मिनिट मला अख्ख्या सप्ताहाएवढं गेलं. नाना शिडी धरून उभा होता. शिडीवर कुणी नव्हतं, तरी सोडत नव्हता. माझ्या बोटांत ते काळीज उडत होतं, आणि आता माझं कुठलं आणि त्याचं कुठलं हे मलाच कळेना.

डॉक्टरांनी पट्टी काढली, पश्चिमेच्या उजेडात धरली. टोक जेमतेम ओलं होतं.

त्यांनी ती माझ्यापुढं केली. मग नानापुढं केली. नानाला ते काय कळणार, पण बाईंचा चेहरा बघून त्यालाही कळलं.

"सारखंच," त्या म्हणाल्या. "अगदी आपल्या पाखरासारखं. घुबडाला लागतच नाही हो जास्त पाणी. आपलं चांगलं आहे. डोळे अर्धे मिटतात ते दिवसाउजेडी सगळीच मिटतात, आणि पापणीची सूज काय, उतरते आहे."

पाखरू वर नेऊन ठेवलं आणि आम्ही लांब जाऊन बसलो. घरटं टाकून जाईल की काय ही नवी धास्ती. थोड्या वेळानं ते खोबणीच्या तोंडाशी आलं, अंग झटकलं आणि मळ्याकडं गेलं. बाईंनी तेव्हा कुठं पाय पसरले.

सकाळी गाडी आली. वनरक्षकाला डॉक्टरांनी सगळं समजावलं. त्याचं म्हणणं, मग आम्हाला उगाच बोलावलंत की. पण काल्याचा प्रसाद खाऊन गेला बिचारा, कुरकुर न करता. त्या दिवशीचं काल्याचं कीर्तन काय रंगलं म्हणता, दहीहंडी फुटली, गावजेवण झालं. मी पंगतीला भात वाढत होते, पण डोळा सूर्यावर. घुबड दिवसा सोडता येत नाही, कावळे फाडून खातात.

सांज झाली. नानानं मंडपवाल्याच्या मागं लागून नगारखान्यावरच्या माळा सकाळीच उतरवून घेतल्या होत्या. आम्ही खोकं वेशीबाहेरच्या चौथऱ्यावर ठेवलं. डॉक्टर नानाला म्हणाल्या, झाकण तुम्ही काढा. तो दोन पावलं मागं सरला. "माझा हात आता नको त्याला."

मग बाईंनीच काढलं.

ते काठावर येऊन बसलं. इकडं मान, तिकडं मान. वर पिल्लांची फिसफिस चालू होती, तरी ते हलेना. आम्ही श्वास धरून उभे. मग एकदम उठलं, आणि नगारखान्याकडं नाही, उलट्या दिशेला, ज्वारीच्या रानावर गेलं आणि अंधारात विरलं.

बाई खोक्याचं झाकण हातात घेऊन तशाच. डोळे चांगले असतील तरी डोक्याला मार लागला होता, वाट विसरलं असेल, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी चौथऱ्याला फेऱ्या घालायला लागले. बसवेना. नाना वेशीच्या दगडाला टेकून वर बघत होता. त्याला मोतीबिंदू, सांजवेळी चार हातांपलीकडचं दिसायचं नाही, तरी बघत होता.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. चांदणी दिसायला लागली होती. एकाएकी वरची फिसफिस इतकी वाढली की मी जागच्या जागी थांबले. डोक्यावरून काहीतरी पांढरं गेलं. आवाज नाही, वारा नाही. खोबणीच्या तोंडाशी ते क्षणभर थांबलं. चोचीत उंदीर लोंबत होता. पापणी अजून जराशी सुजलेली, ती मला खालूनसुद्धा ओळखू आली, किंवा मला तसं वाटलं. मग आत गेलं.

डॉक्टर खाली चौथऱ्यावर बसल्या आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"गेलं का आत?" नानानं विचारलं.

"गेलं, नाना. शिकार घेऊन गेलं," मी म्हटलं.

"आपलंच ना? नीट बघितलंस?"

"आपलंच."

त्यानं मान हलवली. मग हलक्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "कौसा, मांडवात भात उरला असेल का गं थोडा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दिवसभर पंगती वाढल्या, सगळा गाव जेवून उठला, आणि त्या गर्दीत नानाच्या पानावर भात वाढल्याचं मला आठवेना. मी विचारलं, तर म्हणाला, काल संध्याकाळपासून काही घशाखाली उतरलं नाही. ते घरी पोचेपर्यंत जेवायचं नाही असं भैरोबापुढं म्हणून बसलो होतो. माळ नसलेल्या माणसाचा नवस देव ऐकतो की नाही ते माहीत नव्हतं.

मी त्याला मुदपाकाच्या कोपऱ्यात बसवून वाढलं. गार भात आणि गार आमटी. त्याचा उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या हातानं जेवला. डॉक्टर त्याच्या शेजारी पान मांडून बसल्या. त्याही जेवल्या नव्हत्या, हे तेव्हा कळलं.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर पुढं मोठ्या हुद्द्यावर गेल्या. त्यांच्याबद्दल कुठंतरी छापूनही आलं, त्यांची काळजी नाही. पण येसाजी गुरवाचं नाव कुठल्या दगडावर नाही, आणि त्याच्या मागं ते घेणारं कुणी उरलं नाही. म्हणून माझं तुमच्याकडं एवढंच मागणं. कधी गावजेवणाला बसाल आणि पानात वाफेचा पहिला भात पडेल, तेव्हा घास उचलण्याआधी घटकाभर थांबा, आणि येसूनानाची आठवण काढा.